हरकत क्रमांक सात

आमच्या गावाला सल्ला द्यायची हौस फार. म्हणून नगरपालिकेनं ‘उद्यान व नागरी सुविधा सल्लागार समिती’ काढून नागरिकांकडून अर्ज मागवले, तेव्हा टेबल मोडेल इतके अर्ज येतील असं साऱ्यांना वाटलं होतं. आले चार. पारावर बसून फुकट सल्ला देणं वेगळं आणि कपभर चहावर दोन-दोन तास खुर्चीत अडकून पडणं वेगळं. त्या चारांतला एक अर्ज हंबीररावांचा होता.

हंबीरराव एसटीतून निवृत्त झालेले कंट्रोलर. तीस वर्षं स्टँडच्या माइकवरून गाड्या पुकारल्या, त्यामुळे आवाज खणखणीत आणि घड्याळाशी पक्की सोयरीक. सभेला दहा मिनिटं आधी हजर. खिशात मोजपट्टी. कुठलाही कागद समोर आला की तो हात लांब करून धरायचा, वरपासून खालपर्यंत वाचायचा आणि मगच मान हलवायची. कागद न वाचता सही करणारा माणूस आंधळ्याहून वाईट, असं ते म्हणत.

पहिल्याच सभेत त्यांनी बागेतल्या पाण्याच्या नळाचा विषय काढला. नळ साडेतीन फुटांवर आहे, लहान पोरानं पाणी प्यायचं कसं, दोन फुटांवर घ्या. नळ खाली आला. मग झोपाळा फार उंच, तो खाली आला. दुसऱ्या वर्षी ते म्हणाले, झोपाळा आता चार बोटं वर घ्या. इंजिनिअर वैतागला. गेल्या साली तुम्हीच खाली घ्यायला लावला होता की, म्हणाला.

“पोरं वाढत्यात,” हंबीरराव म्हणाले.

सगळे हसले. म्हाताऱ्याला पोराबाळांची काळजी भारी, असं कौतुकही झालं. ती सगळी मापं एकाच पोरीची होती, हे बागेचा माळी अल्लाबक्ष सोडला तर गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

पोरीचं नाव सृष्टी. हंबीररावांच्या जयराजची मुलगी. करोनाच्या दुसऱ्या लाटेत जयराज आठ दिवसांत गेला, तेव्हा ती दीड वर्षाची होती आणि तिची आई अंकिता सत्तावीस वर्षांची. हंबीररावांची बायको आधीच गेलेली. घरात सासरा, सून आणि ते लेकरू. वर्षभर त्यांनी सुनेचं उतरलेलं तोंड पाहिलं आणि मग स्वतःच स्थळ शोधायला निघाले. भावकीनं नाकं मुरडली, त्यांनी लक्ष दिलं नाही. उंब्रजला साईराज नावाचा मुलगा मिळाला. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, ऊसशेती बरी, माणूस शांत. साईराजचे वडील भाऊसो मात्र रोखठोक. पोरीला आम्ही आमचीच म्हणून वाढवू, म्हणाले, पण तिला एकच घर आणि एकच आजा पाहिजे. दोन्ही डगरींवर हात नको. हंबीररावांनी पाच माणसांत शब्द दिला की आजपासून माझा संबंध संपला. पंचक्रोशीत त्यांचं नाव झालं. असा सासरा हजारात एक, असं लोक म्हणाले. त्या रात्रीपासून रिकाम्या घरात हा हजारात एक माणूस कुणाशी बोलणार, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

वर्षभर शब्द पाळला. मग एका गुरुवारी दुपारी ते बागेत बसले असताना एक लहान मुलगी नळाशी टाचा उंचावून पाणी प्यायचा प्रयत्न करत होती. त्यांनी तिला उचलून धरलं. मागून अंकिता आली. अंकिता दर गुरुवारी शिवणाच्या क्लासला गावात यायची. उंब्रजची गाडी बारा चाळीसला, क्लास तीनला. मधल्या दोन तासांत पोरीला घेऊन बागेत बसायची. ठरवलं कुणीच काही नाही. पुढच्या गुरुवारी हंबीरराव तिथे होते, एवढंच. मी काही त्यांच्या घरी जात नाही, बागेत तर कुणीही बसतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. फोन करायचा नाही, असा नियमही त्यांनीच घातला. अंकिता त्यांना पूर्वीसारखंच ‘मामा’ म्हणायची. सृष्टी ‘बागेतलं आजोबा’ म्हणायची. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस ते नुसते ढकलत होते.

आणि मग बागेचा नवा आराखडा आला. वाचनालय, व्यायामाची साधनं, बायकांसाठी स्वच्छतागृह, सगळं चांगलं होतं. शेवटी शंभूराज नावाच्या तरुण सदस्यानं एक कलम घातलं. दुपारी कॉलेजची पोरंपोरी झाडाआड बसतात, तक्रारी येतात, म्हणून बाग अकरा ते चार बंद ठेवावी.

बाजाराला आलेल्या बायका दुपारी तिथे भाकरी खातात, असं काहीतरी हंबीरराव बोलले. शंभूराजनं हसत विचारलं, काका, तुमचं दुपारचं जाणं असतं वाटतं तिकडं? बाकीचेही हसले. हंबीररावांनी विषय तिथेच सोडला, कारण शंभूराजची सासुरवाडी उंब्रजची होती आणि तीही भाऊसोंच्या भावकीतली. इथे पडलेला शब्द संध्याकाळी तिथे पोचायला एसटीसुद्धा लागली नसती. समितीच्या अध्यक्षा राजेश्वरी मॅडम, निवृत्त मुख्याध्यापिका, शिस्तीच्या बाई. त्यांनी आराखडा लोकांच्या हरकतींसाठी तीस दिवस खुला ठेवला.

गुरुवारी हंबीररावांनी अंकिताला सांगितलं. तिनं फक्त विचारलं की हरकत द्यायची कुठे. त्यांनी कंट्रोलरच्या सवयीनं सगळं समजावलं: आवक खिडकी कुठली, झेरॉक्सवर पोच कशी घ्यायची. आणि वर बजावलं, तुझं नाव कुठं येऊ देऊ नको. ती सृष्टीचे केस सारखे करत राहिली.

सुनावणी महिन्यानं निघाली, एका बुधवारी. हरकती एकंदर सात. स्वच्छतागृह माझ्या खिडकीसमोर नको, वाचनालयात अमुक पेपर हवा, अशा. मॅडम एकेक वाचत होत्या, कारकून लिहून घेत होता. सातवी हरकत त्यांनी हातात घेतली आणि वाचता वाचता त्यांचा आवाज हळू झाला.

“मी अंकिता साईराज, राहणार उंब्रज. माझी मुलगी सृष्टी दर गुरुवारी दुपारी या बागेत तिच्या आजोबांना भेटते. तिचे आजोबा म्हणजे आपल्या समितीचे सदस्य श्री. हंबीरराव. त्यांना भेटायला तिला दुसरी जागा नाही. तरी बाग दुपारी उघडी ठेवावी, ही विनंती.”

शंभूराजनं मोबाईल टेबलावर ठेवला. मॅडमनी चष्मा काढला.

“हंबीरराव, हे खरं आहे का? खरं असेल तर मला दुसरं कारण नको. आपण वेळ बदलू.”

एक ‘हो’ म्हटलं असतं तर सारं मिळत होतं. पण हंबीररावांना समोर बाग दिसत नव्हती, उंब्रजचा उंबरा दिसत होता. अंकितानं रागाच्या भरात स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, असंच त्यांना वाटलं. आता भाऊसोंच्या कानावर जाणार, शब्द मोडला म्हणून तो माणूस पेटणार, आणि एवढ्या कष्टानं बसवलेलं तिचं घर पुन्हा उठणार. एकदा दुसऱ्या लग्नाला आपल्या घरातून उघड्या कपाळानं निघताना तिनं मागे वळून पाहिलं होतं. ते पुन्हा नको. काळजावर दगड ठेवून ते उभे राहिले आणि गाडी पुकारावी तशा आवाजात बोलले.

“त्यातलं कायबी खरं न्हाई. त्या बाईचं आन् माझं काय नातं न्हाई.”

“आणि मुलीचं?”

“तिचंबी न्हाई.”

कारकुनानं लिहिलं. मॅडम पुढच्या विषयावर गेल्या. जन्मभर प्रत्येक कागद हातात घेऊन वाचणाऱ्या हंबीररावांनी तो एकच कागद मागून घेतला नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना त्यांची छाती दुखत होती, तरी आपण पोरीला वाचवलं याचं समाधानही होतं. खोटं कशाला बोला, जरा अभिमानच होता.

दुसऱ्या दिवशी बारा चाळीसची गाडी आली. अंकिता उतरली नाही. अल्लाबक्षला सुनावणीचं सगळं सांगून ते म्हणाले, शहाणी आहे, दोन आठवडे गप्प राहील. अल्लाबक्ष पाइप गुंडाळत म्हणाला, “तुमी न्हाई कशाला म्हणालासा, हंबीरराव? पोरीनं नाव घालून लिवलं व्हतं. उगं लिवल का कोण?” हंबीररावांना त्याचा राग आला. पुढच्या गुरुवारीही कुणी आलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी साईराज दारात उभा राहिला. एकटाच. हंबीररावांनी त्याला आत बोलावलं, पाणी दिलं. साईराजनं खिशातून दोन कागद काढून पुढे ठेवले. पहिला कागद अंकिताच्या अर्जाची झेरॉक्स होती. खाली तिची सही. त्याच्या खाली साईराजची. आणि सगळ्यात खाली, ‘आमची या भेटीस संमती आहे’ असं लिहून, वेड्यावाकड्या अक्षरांत भाऊसोंची. मॅडमनी मजकूर वाचला होता, सह्या वाचल्या नव्हत्या.

साईराज खाली बघत बोलत होता. घरात वर्षापासून माहीत होतं. सृष्टी जेवताना बागेतल्या आजोबांच्या सगळ्या गोष्टी सांगायची. आबा, म्हणजे भाऊसो, महिनाभर धुमसले, मग त्यांनीच म्हटलं, आजा हाय त्यो तिचा, चोरून कशाला, घरी बोलवा. पण अंकिता म्हणाली, मामा शब्दाचे पक्के, बोलावलं तरी यायचे नाहीत. आधी आपण सगळ्यांदेखत लिहून देऊ, म्हणजे त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. अर्ज शेवटच्या दिवशी, सोमवारी दिला. गुरुवारी त्यांना सांगणार होती. सुनावणी बुधवारी निघाली.

दुसरा कागद नगरपालिकेचा होता. हंबीररावांनी तो सवयीनं हात लांब करून धरला. ‘अर्जात नमूद केलेले नाते संबंधित सदस्यांनी “त्या बाईचं आन् माझं काय नातं न्हाई” असे सांगून समितीसमोर नाकारले असल्याने आपली हरकत दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’ असं उत्तर जातं, हे त्यांना माहीत होतं. उत्तर पाठवायची पद्धत हवी, हा आग्रह तर त्यांचाच. त्या दिवशी तेवढं डोक्यात आलं नव्हतं.

“आबांनी अंगणात सगळ्यांफुडं वाचाय लावलं तिला,” साईराज म्हणाला. “त्यांना वाटलं, मंजुरी आली.”

हंबीरराव उठले आणि खुंटीवरची टोपी काढली. मी आत्ता येतो तुमच्यासंगं, पाया पडतो पोरीच्या, म्हणाले. साईराजनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

“नगा येऊ, काका. मी लय सांगून बघितलं. ती म्हणती, त्यांच्या तोंडातनं ‘ती बाई’ निघालं कसं? सृष्टीला तिनं सांगितलंय, बागेतलं आजोबा बदली हून लांब गेलं.”

तो गेल्यावर हंबीरराव त्याच जागी बसून राहिले. रडू येईना. आपण वाईट वागलो असतो तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. वाईटपणाची माफी मागता येते. आपण तर चांगलं वागायला गेलो होतो.

पुढच्या सभेचा पहिला विषय नेहमीचा: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय कुणी ऐकत नाही, तेवढ्यात चहा फिरतो. कारकून भरभर वाचत सातव्या हरकतीपाशी आला आणि हंबीरराव उभे राहिले.

“दुरुस्ती हाय,” ते म्हणाले. “सृष्टी माझी नात हाय. माझ्या जयराजची लेक. अंकिता माझी सून. त्या दिवशी मी खोटं बोललो. ते तेवढं खोडा.”

चहाचा ट्रे दारातच थांबला. शंभूराजनं मान खाली घातली आणि पुटपुटला, काका, मी त्या दिवशी कुणाला फोनसुद्धा केला नव्हता. मॅडमनी वही जवळ ओढली, पुन्हा एकदा वाचली आणि त्या म्हणाल्या,

“बागेची वेळ बदलू आपण. दुपारी उघडी राहील. तुमचं आजचं म्हणणंही आजच्या सभेत लिहून घेऊ. पण हंबीरराव, मागच्या सभेत तुम्ही जे बोललात, ते हेच होतं ना? इथे लिहिलंय ते?”

“व्हय.”

“मग लिहिताना चूक झालेली नाही. दुरुस्ती चुकीची होते. बोललेलं खोडता येत नाही.”

त्यांनी इतिवृत्त मताला टाकलं. एकेक हात वर गेला. हंबीररावांनी वहीतल्या त्या दोन ओळींकडे पाहिलं. शब्दन् शब्द त्यांचाच होता, कारकुनानं एक काना-मात्राही बदलली नव्हती. त्यांनी हात वर केला आणि इतिवृत्त कायम झालं.