उजव्या अंगठ्यावरचा रंग

“टोचणाऱ्या बाईला या दारात उभी करू नकोस, तुझ्यावरच शेकेल,” असं जाऊबाईंनी मी नवी होते तेव्हाच बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. कॉलेज शिकलेली होते ना!

यंदा ऊन तापायला लागलं आणि गावात गोवर शिरला. माझ्या लेकाला मी माहेरीच लस देऊन आणलं होतं. जाऊबाईंची पोर मात्र तशीच. फार मागं सासऱ्यांच्या कळपाला टोचलं आणि आठवड्यात निम्म्या मेंढ्या आडव्या झाल्या, तेव्हापासून या घरात सुईचं नाव काढायची चोरी.

परवा सकाळी नर्सबाई आल्या. सासूबाई अंगणात लोकर पिंजत होत्या, जागच्या हलल्यासुद्धा नाहीत.

“आलीस परत? मागच्या खेपेला कुत्रं सोडलं, तेवढ्यानं भागलं नाही वाटतं?”

“ते ओळखायला लागलंय मला, आजी. शेपूट हलवतं. नात कुठाय?”

“टोचलंय तिला, पलीकडच्या गावात,” जाऊबाई दारातूनच म्हणाल्या आणि पोरीचं नख पुढं केलं. “ही बघा खूण.”

लस दिली की डाव्या अंगठ्याच्या नखावर शाई लावतात. इथं रंग उजव्यावर होता, तोही मेंढ्यांच्या पाठीवर फासायचा. पोर डावा अंगठा चोखते. रंग पोटात जाईल म्हणून आईनं जपून उजवा रंगवलेला!

“टोचलेलं नाही तिला,” मी बोलून गेले. “मेंढ्यांचा रंग आहे तो.”

“माझ्या पोरीच्या मुळावर का उठलीस गं?” जाऊबाई किंचाळल्या.

“मेंढ्या आधीच आजारी होत्या, आजी,” नर्सबाई अजिजीनं म्हणाल्या. “आजार अंगात भिनल्यावर टोचून काय होणार? म्हणून तर नातीला आजच...”

“मेलेल्या मेंढ्यांचे खड्डे मी खणलेत,” सासूबाई म्हणाल्या. “तू होतीस का माती लोटायला?”

आरडाओरडा ऐकून जाऊबाईंचे मालक, आमचे भाऊजी, बाहेर आले आणि त्यांनी नर्सबाईंची लसीची पेटी उचलून रस्त्यावर आपटली. बर्फ धुळीत लोळला. मग ते माझ्या नवऱ्याकडं वळले, “तुझ्या बायकोला आवर, नाहीतर चूल वेगळी मांड.” नवरा खाली मान घालून दोरखंडाची गाठ सोडवत राहिला. गाठ सुटलेली होती कधीच.

दुपारीच भाऊजींनी बायको-पोरीसकट कळप हलवला, नदीपलीकडच्या माळावर. निघताना पोरीचे डोळे लाल दिसले मला. जवळ गेले, तर जाऊबाईंनी पदराखाली झाकलं तिला.

मला तिथं कुणी पाय ठेवू देणार नाही. तुम्ही गाडी घेऊन त्या वाटेनं जाणार असाल, तर प्यायला पाणी मागायच्या निमित्तानं थांबा. माझा विषय काढू नका. पोर खेळतेय, की आईच्या खांद्यावर मान टाकून पडलीय, तेवढं बघा. अंग तापलेलं असेल, कानामागं पुरळ असेल, तर वाद घालत बसू नका. मायलेकींना गाडीत घाला आणि दवाखाना गाठा. शिव्या देतील. देऊ द्या.