सेन्सरला दाखवलेला निवद

चोरांसाठीचा भोंगा बसवून देणाऱ्या महांतप्पांनी स्टुलावर चढून हॉलच्या कोपऱ्यातल्या त्याच्या सेन्सरचं झाकण काढलं आणि उघडा तळहात माझ्यापुढे धरला. त्यावर आठ-दहा बारीक लाल मुंग्या पळत होत्या. मधोमध वाळलेला पिवळट चुरा होता.

"ताई, ह्याला निवद कुणी दाखवला?"

मी कडेवरच्या सृष्टीला उगाच दुसऱ्या कडेवर घेतलं. निवद मीच दाखवला होता. खंडेनवमीला घरातल्या सगळ्या यंत्रांना हळद-कुंकू लावलं: मिक्सर, शिलाई मशीन, माझ्या नवऱ्याची, दिग्विजयची मोटारसायकल. हा नवा भोंगाही घराची राखण करतो, म्हणून याच स्टुलावर चढून सेन्सरच्या डोक्यावर पेढ्याचा तुकडा चिकटवला होता.

"ह्याच्या डोळ्यापुढनं मुंगी गेली तरी ह्याला माणूस वाटतंय," महांतप्पा म्हणाले. उमरग्याकडचा माणूस, बोलणं सावकाश. "आत वारूळच हाय की. बोंबलंल न्हाय तर काय करंल?"

कळंबच्या आमच्या कॉलनीत भरदुपारी दोन घरं फुटली, तेव्हा दिग्विजयनं हा भोंगा बसवून घेतला. तो कामावर गेला की घरात मी आणि दीड वर्षाची सृष्टी. दुपारी तिला घेऊन आतल्या खोलीत पडताना मी हॉलचा भोंगा चालू करायची. त्याच वेळी मागच्या दारानं अयोध्यामावशी भांडी घासायला यायच्या. मोरी स्वयंपाकघराला लागून, मागच्या अंगाला. हॉलमध्ये त्यांचं काही काम नसे.

दसऱ्यानंतर आठवड्यात तीनदा भोंगा वाजला, तिन्ही वेळा मावशी घरात असताना. पहिल्या दोन वेळा महांतप्पांनी फोनवरून बॅटरी बघायला लावली, दाराला भोंग्यासाठी लावलेलं चुंबक बघायला लावलं. सगळं जागच्या जागी होतं. मग ते म्हणाले, हॉलमध्ये कुणी हिंडतंय का ते बघा. मी बीएस्सी झालेली. पण भोंगा मी फक्त त्याच वेळी चालू करते, म्हणजे वाजला तर तेव्हाच वाजणार, एवढा साधा हिशेब माझ्या डोक्यात आला नाही.

तिसऱ्या वेळी मी मागच्या दारात आडवी उभी राहिले. भोंगा ऐकून शेजारच्या सत्यभामाकाकू आणि गल्लीतल्या चार बायका कुंपणापाशी जमल्या होत्या. त्यांच्यादेखत मी म्हणाले, "मावशी, पिशवी उघडा."

त्यांनी हात पदराला पुसले. पिशवी ओट्यावर उलटी केली. मीच दिलेली अर्धी भाकरी, बीपीच्या गोळ्यांची पट्टी आणि केसांची एक पिन. "बघा ताई, नीट बघा," एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या आल्या नव्हत्या. गल्लीतल्या आणखी दोन घरांनीही त्यांना नको म्हणून सांगितलं होतं.

आता काकूंनी कुंपणावरून विचारलं, काय सापडलं गं? महांतप्पा हात झटकत माझ्याकडे बघत होते.

"वायर ढिली होती," मी म्हणाले.

 सेन्सर ब्रशनं साफ करून, भोकं सिलिकॉननं बुजवून महांतप्पा गेले. जाताना फक्त म्हणाले, ह्याला आता उपाशीच ठेवा.

त्याच संध्याकाळी सृष्टीला घेऊन मी मावशींच्या घरी गेले. त्या दारात ज्वारी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. पेढा, मुंग्या, सगळं. माझं चुकलं, असंही म्हणाले. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"म्या हॉलात गेले न्हाय, हे मला ठावंच हाय की," त्या म्हणाल्या. "मला कशाला सांगता? गल्लीला सांगा."

 वायर ढिली होती असं मी काकूंना सांगून आले आहे, ते मला मावशींपुढे बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाजीचा गाडा आला तेव्हा पाच-सहा जणी होत्या. हातात मेथीची जुडी धरून मी सांगितलं. वायर-बियर काही नव्हतं, पेढा मी ठेवला होता, मावशींचा काही दोष नाही. दोनदा सांगावं लागलं.  मग काकू हसल्या, "अगं बया, एवढी शिकलेली, आन् मशीनला पेढा चारलास व्हय?" सगळ्या हसल्या. भाजीवालाही हसला. माझे कान तापले, तरी मेथी पिशवीत टाकून लगेच निघायचं नाही, असं मी ठरवलं होतं. उभी राहिले.

दोनपैकी एका घरानं मावशींना परत बोलावलं. दुसऱ्या घरानं तोवर दुसरी बाई लावली होती.

सोमवारी मावशी माझ्याकडेही आल्या. मागच्या दाराबाहेर थांबून म्हणाल्या, "ताई, भांडी हिकडंच आणून द्या. नळापाशी घासते." मी म्हणाले, भोंगा बंद आहे, आत या. "असू द्या," त्या म्हणाल्या, आणि उन्हात पाटावर बसल्या.

मी भांडी नेऊन ठेवली. तेवढ्यात सृष्टी उंबरा ओलांडून त्यांच्याकडे धावली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. पूर्वी त्या ओल्या हातांनीच तिला उचलायच्या, झबलं भिजलं म्हणून मी कुरकुरायची.

मावशींनी राखेनं माखलेले हात कोपरापासून वर, तिच्यापासून लांब धरले.

"ताई," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरीला घ्या."