अर्धा विणलेला झगा

मित्रांनो, मला जुना म्हणायला हरकत नाही. मी भाजला गेलो तेव्हा आमच्या डोंगरात राजासुद्धा नव्हता. सल्ला द्यायला मात्र घरटी एक माणूस होता.

मी मागावरचा मातीचा गोळा आहे. मधोमध भोक असलेला. भिंतीला टेकवलेल्या मागावरून लोकरीचे धागे खाली सोडतात आणि त्यांच्या टोकांना आम्हा गोळ्यांना बांधतात, म्हणजे धागे ताठ राहतात. लटकणे एवढेच आमचे काम. ते मी प्रामाणिकपणे केले; बुद्धीची गरज कधी पडली नाही.

मला घडवले हेलाने, उंबऱ्याशी बसून, ओल्या मातीत अंगठा दाबून. तेव्हा तिला मूल नव्हते. शेजारची तिम्ना दर कापणीला नवे पोर कडेवर घेऊन मिरवायची आणि हेला दुसऱ्यांच्या पोरांसाठी कापड विणायची. शेवटी तिने देवाला सांगितले, मला मुलगा दे, मी तो तुलाच परत देईन. मुलगा झाला. नाव ठेवले अझरेल. अंगावरचे दूध तुटताच हेलाने त्याला डोंगरापलीकडच्या देवस्थानात पुजाऱ्यांच्या हाताखाली नेऊन सोडले. नवस बोलणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. फेडताना बहुतेकजण बकरीवर भागवतात.

त्यानंतर वर्षातून एकदा, सणाला, तिला तो दिसायचा. जाताना ती त्याच्यासाठी एक झगा न्यायची. पोर लांब, मग माप कुणाचे घेणार? तिम्नाच्या त्याच वयाच्या मुलाला भिंतीशी उभे करायची. तो अंजिरांवर पोसलेला दांडगोबा.

"अगं, माप माझ्या बैलाचं घेतेस आणि घालतेस तुझ्या चिमणीला!" तिम्ना हसायची.

"वाढेल गं. तोवर कमरेशी खोचेल," हेला म्हणायची, आणि पुन्हा धाग्यांकडे वळायची. तिचे वर्षभराचे बोलणे ती त्या कापडाशीच बोलत असे. मी खाली लटकून ऐकायचो.

अशी बरीच वर्षे गेली. एका वर्षी सण तोंडावर आला होता आणि झगा अर्धाच झाला होता. एक माणूस धावत गावात आला. कपडे फाडलेले, डोक्यात माती. समुद्रकाठच्या लोकांनी देवस्थान जाळले होते. आतले कुणी उरले नाही, असे तो म्हणाला.

आमच्याकडे माणूस गेला की जवळच्यांनी छातीवरचे वस्त्र फाडायचे, जमिनीवर बसायचे, आणि शेजाऱ्यांनी मसुरीचे कालवण आणून भरवायचे. हेलाचा नवरा यमुएल वस्त्र फाडून बसला. तिम्ना भांडे घेऊन आली. सगळे हेलाकडे बघत राहिले. हेला धागे ठोकत होती.

"हेला, ऊठ गं माझे बाई. फाड आणि रड एकदाची," तिम्ना म्हणाली.

"कुणासाठी?"

"आता काय सांगू मी तुला!"

"त्याला पडलेला कुणी पाहिलाय?"

गावचे एक वडीलधारे पुढे झाले. ज्ञानी गृहस्थ, गावावर धाड आली की ते धान्याच्या कणगीत सापडत. ते म्हणाले, "मेलेल्यासाठी माग चालवू नये, पोरी. गोळे सोड."

"मेलेल्यासाठी नाहीच चालवत, काका. म्हणून तर चालवतेय."

यमुएल भुईवरूनच म्हणाला, "वाटेवर त्यांची माणसं बसलीत."

"बसू देत. त्यांनाही कुणी जन्म दिलाच असेल ना?"

उजाडताच तिने कापड मागावरून कापले. कोपऱ्यातली एक गाठ घाईत सुटेना. म्हणून मीही निघालो, झग्याच्या टोकाला लोंबकळत.

झऱ्यापाशी एका शिपायाने तिला अडवले. माझ्यावर बोट ठेवून विचारले, "हे काय? हत्यार?"

"गाठ सुटली नाही. मुलाचा झगा आहे."

तो बराच वेळ कापडाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "जा. खालच्या वाटेनं जा, वरती दारू प्यायलेले आहेत."

देवस्थानाच्या भिंती काळ्या पडल्या होत्या. दारच नव्हते, पण म्हातारा द्वारपाळ शेलुमी दाराच्या जागी बसला होता, अंगाला पोत्याचा तुकडा गुंडाळून.

"मी अझरेलची आई," हेला म्हणाली.

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "बाहेर आला होता तो, बाई. मी म्हटलं, पळ. म्हणाला, आतले म्हातारे पुजारीबाबा चालू शकत नाहीत, पाठीवर घेऊन येतो." मग त्याने दगडांच्या ढिगाकडे हात केला. आसपासच्या बायकांनी सगळ्यांना एकत्रच पुरले होते.

हेलाने आपले वस्त्र गळ्याशी धरले आणि छातीपर्यंत फाडले. मित्रांनो, मी जन्मभर कापड जोडले जाताना ऐकले होते. तो आवाज मला नवा होता.

पुष्कळ वेळाने तिने पाहिले, म्हातारा कुडकुडत होता. तिने झगा उचलला.

"नको, बाई. देवाला वाहिलेल्या पोराचा आहे तो."

"आणि तुम्ही कुणाचं दार राखताय, आजोबा?" तिने दाताने धागा तोडून मला सोडवले. "गुडघ्याला लागेल तुमच्या." झगा त्याच्या खांद्यावर टाकला. मला मुठीत धरून ती ढिगापाशी आली.

"मागितला तो मीच," ती वर न बघता देवाला म्हणाली. "दिलासही तू, आणि तुला परत दिलाही मीच. परत मागत नाही. पण लक्ष ठेव. थंडी वाजली तरी तो सांगत नाही कुणाला."

मग तिने मला एका दगडावर ठेवले आणि ती निघाली. मी अजून तिथेच आहे.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. भाजलेल्या मातीला काही होत नाही. पण तुमच्या आळीत अशी एखादी आई असेल, तर तिच्या दारावरून मान खाली घालून घाईने जाऊ नका. तिला वाईट वाटेल म्हणून लोक तिच्या मुलाचा विषय टाळतात. तुम्ही टाळू नका. थांबा, आणि तिच्या मुलाचे नाव मोठ्याने घ्या. जगात ते अजून कुणाच्या तोंडी आहे, एवढेच तिला ऐकायचे असते.

अझरेल.