उंच चेंडू

सुहासिनीने शिट्टी वाजवली, पण मैदानावरची एकही मुलगी थांबली नाही. पलीकडच्या गोलजवळ अभिनव मेश्रामने नुसता हात वर केला, तशा सगळ्याजणी जागच्या जागी उभ्या राहिल्या. सुहासिनीने शिट्टी ट्रॅकसूटच्या खिशात टाकली आणि पाण्याच्या बाटल्या उगाचच पुन्हा नीट लावत बसली.

कॉलेजचा हा मुलींचा संघ तिनेच उभा केला होता. मुली फुटबॉल खेळणार म्हटल्यावर लोक हसायचे, त्या काळात ती बिबवेवाडीहून पहाटेच्या बसने लोणी काळभोरला यायची आणि एकेकीच्या घरी जाऊन आईबापांच्या विनवण्या करायची. जुने मुख्य प्रशिक्षक निवृत्त झाले तेव्हा ही जागा आपलीच, असं तिने सासरी-माहेरी सांगूनही टाकलं होतं. जागा मिळाली नागपूरहून आलेल्या, तिशीही न उलटलेल्या अभिनवला. त्याच्याकडे प्रशिक्षकाचा मोठा परवाना होता.

"माझ्या अनुभवाचं काय, सर?" तिने प्राचार्यांना विचारलं होतं.

"तो लक्षात आहे ना, मॅडम. म्हणून तर सहायक म्हणून तुम्हालाच ठेवलंय."

अभिनवला नावं ठेवायला जागा सापडेना, हा आणखी एक ताप. तो ओरडायचा नाही. प्रत्येक सामन्याआधी तिच्याजवळ येऊन विचारायचा, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?" "तुम्ही हेड आहात, तुम्हीच ठरवा," असं म्हणून ती मान वळवायची. दोन वर्षं बोलणी खाल्ल्याशिवाय न पळणारी दीपमाला आता सांगण्याआधीच पळत होती. संघ एकापाठोपाठ एक सामने जिंकू लागला. प्रत्येक गोलला सुहासिनी टाळ्या वाजवायची आणि प्रत्येक टाळीबरोबर चपलेत खडा रुतावा तसं तिला आत काहीतरी टोचायचं. मुली घोळका करून त्याच्याकडे धावायच्या. तिच्याकडे यायच्या त्या फक्त पट्टी किंवा स्प्रे मागायला.

मग एक दिवस पूर्वा आली. ही गोलकीपर. खो-खोतून तिला ओढून आणून सुहासिनीनेच तिच्या हातात ग्लोव्ह्ज घातले होते. खेळाच्या सामानाच्या खोलीत येऊन ती दाराशीच उभी राहिली.

"मॅडम, सरांनी मला बसवलं. आता माझ्या जागी संस्कृती खेळणार. म्हणतात, उंच बॉलला माझी उडी उशिरा पडते. सकाळी लवकर आलीस तर शिकवतो म्हणाले. येऊ का?"

सुहासिनीच्या हातात हवा भरायचा पंप होता. तो तिने खाली ठेवला नाही. पूर्वाची उडी उशिरा पडते हे तिला दोन वर्षांपासून दिसत होतं.

"तुला आता शिकायचं काय राहिलंय?" ती म्हणाली. "नवीन माणसाला आपली माणसं पुढे करायची असतात. मी असते तर तुला बसवलं असतं का?"

पूर्वाचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवसापासून ती प्रॅक्टिसला आली नाही. अभिनवने दोनदा फोन केला, तिने उचलला नाही.

सेमीफायनलला संघ एका गोलने पुढे होता. उत्तरार्धात संस्कृती समोरच्या मुलीच्या बुटावर आदळली आणि बोट धरून बसली. बाकावर दुसरी कीपर नव्हती. शेवटी दीपमालाने ग्लोव्ह्ज चढवले. दोन कॉर्नर आले, दोन्ही उंच. दोन्ही तिच्या हातांवरून जाळीत गेले.

दुसरा गोल झाला तेव्हा सुहासिनीच्या छातीतलं काहीतरी एकदम सैल झालं. बरं झालं, असं तिला वाटलं, अगदी स्पष्ट शब्दांत. मग तिने पाहिलं, दीपमाला जाळीत वाकून चेंडू उचलत होती आणि तो उचललाच जात नव्हता.

सामन्यानंतर अभिनव मुलींसमोर गुडघ्यांवर बसला.

"तुमची चूक नाही. दुसरी कीपर सांभाळून ठेवणं माझं काम होतं. ते मला जमलं नाही."

सोमवारी प्राचार्यांनी सुहासिनीला बोलावून घेतलं. "पुढच्या वर्षी तुम्हीच बघा सगळं. या मेश्राम पाहुण्यांना नागपूरची गाडी दाखवू." इतके महिने ज्या वाक्यासाठी ती झुरली होती ते हेच. ती म्हणाली, "विचार करून सांगते," आणि बाहेर आल्यावर बसथांब्याकडे न जाता गावात वळली.

पूर्वाच्या आईने, चंपाने, शिवणाचं मशीन थांबवून सतरंजी अंथरली.

"बसा मॅडम. च्या टाकते. तुमी एकल्याच पोरीच्या बाजूनं हाय, रोज नाव काढतो आमी तुमचं."

पूर्वा भिंतीला टेकून उभी होती. "हरले ना?" ती हसली. "बरं झालं. आता कळलं असेल सरांना."

तो आवाज ऐकून सुहासिनीने मान वर केली. तो तिचाच आवाज होता, एकोणीस वर्षांच्या मुलीच्या तोंडून आलेला.

"पूर्वा, तुझी उडी उशिराच पडते," ती म्हणाली. "दोन वर्षं बघतेय मी."

"मग तुम्ही कधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर शिकवावं लागलं असतं. आणि ते मला येत नाही."

स्टोव्हशी बसलेल्या चंपाचा हात थांबला. पूर्वाने एकदा आईकडे पाहिलं, एकदा सुहासिनीकडे. मग आतल्या खोलीत गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

चहा आला. कप खाली ठेवून सुहासिनीने फोन काढला आणि अभिनवचा नंबर लावला.

"हां, मॅडम, बोला ना."

"सर," ती म्हणाली. हा शब्द तिने त्याच्यासाठी आजवर वापरलाच नव्हता, जिभेला जड गेला. "उंच बॉल कसा शिकवायचा ते बघायचंय मला. उद्या किती वाजता येता मैदानावर?"

"सहाला येतो. पूर्वा येतेय का सोबत?"

सुहासिनीने बंद दाराकडे पाहिलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी येते."