डोक्यावर ठेवलेले हात

मी बळीराम खलाशाचा उजवा हातमोजा बोलतोय. माझा डावा जोडीदारही इथेच आहे, याच खिळ्यावर. पण तो अंगठ्याशी उसवलाय, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

मी जाड चामड्याचा. पोलादाच्या प्लांटमध्ये बळीरामच्या हाताला लागलो तेव्हा कडक होतो, त्याच्या बोटांनी मला वळण लावलं. तिथल्या खलाशाचं काम म्हणजे क्रेनखाली उभं राहून वरच्या ऑपरेटरला हातांनी सांगायचं, उचल, उतरव, थांब. तिथं धूळ आणि वाफ फार. म्हणून त्याच्या टोळीनं थांबण्याची आपली वेगळी खूण केली होती. दोन्ही हात हेल्मेटवर. पिवळं हेल्मेट झाकलं गेलं की ऑपरेटर जागीच थांबायचा.

बळीराम रिटायर झाला आणि मी सेक्टर दोनच्या क्वार्टरात खिळ्याला टांगला गेलो. पावसाळ्यात बुरशी धरली, पण कुणी पाहिलं नाही.

मग एक दिवस मोनूनं मला काढून झटकलं. बळीरामचा हा मुलगा नववीतून शाळा सोडून कपड्याच्या दुकानात लागलेला. लाजाळू इतका, की गिऱ्हाईकानं भाव विचारला तर कापडाच्या ताग्याकडे बघून उत्तर द्यायचा. ते दुकान आता बंद होणार होतं. जवळच्या कुम्हारी गावातल्या एका यार्डात क्रेनला इशारे देणारा माणूस हवा होता आणि मोनूला त्यातलं काहीच येत नव्हतं.

"तोंडानं बोलाचं कामच नाही," बळीराम म्हणाला. "हात बोलते."

हे ऐकून मोनू कितीतरी दिवसांनी हसला.

अंगणात तालीम सुरू झाली. जांभळाच्या फांदीवरून दोर टाकून बादली बांधली. दोर ओढायला बहीण मोना. "भाऊ, तू क्रेन चालवून राहिला का माश्या हाकलून राहिला?" असं म्हणत ती मुद्दाम बादली हिंदकळवायची आणि मोनू भिजायचा. पण हळूहळू त्याची बोटं माझ्यात नीट बसू लागली. दोन्ही हात डोक्यावर गेले की मोना दोर घट्ट धरायची. बळीराम खुर्चीवरून मान डोलवायचा.

इंटरव्ह्यूत साहेबांनी हिंदीतून विचारलं, त्यानं खाली बघून दिलेली उत्तरं त्यांना अर्धीच ऐकू गेली. मग यार्डात नेलं. पाइपांचा गठ्ठा त्यानं छान उचलवला, डावीकडे नेला. उतरवताना एक पाइप घसरू लागला. मोनूचे दोन्ही हात डोक्यावर गेले.

वर क्रेन चालवणाऱ्या पोराला वाटलं, हा हेल्मेट सारखं करतोय. गठ्ठा खाली येतच राहिला. साहेब ओरडले, तेव्हा कुठं तो थांबला. खाली कुणी नव्हतं एवढंच बरं.

"ये किसने सिखाया?"

मोनू पहिल्यांदाच साहेबांच्या डोळ्यांत बघून बोलला. "किसीने नहीं, सर. खुद सीखा."

साहेबांनी भिंतीवरचा, सगळीकडे चालणाऱ्या खुणांचा तक्ता दाखवला. हे शिकून महिन्याभरानं ये, म्हणाले. घरी मोनूनं सांगितलं, जागा भरली होती. बळीरामनं एवढंच विचारलं, थांबायची खूण बरोबर दाखवलीस ना? तो हो म्हणाला. बळीराम ते शेजाऱ्यांना अभिमानानं सांगत फिरला आणि मोनू घरात जेवण टाळू लागला.

त्यानं मला परत खिळ्याला लावलं. तक्त्याचा फोटो मोबाइलवर ठेवून तो अंगणात उघड्या हातांनी एकटाच सराव करायचा. काल बळीराम दारात येऊन उभा राहिला.

"हे काय करून राहिला?"

"थांबाची खूण हाय, बाबा. तिकडची."

बळीराम बराच वेळ त्या पसरलेल्या हातांकडे बघत राहिला.

"मले कावून नाही सांगितलं?"

बळीरामचे हात सवयीनं डोक्याकडे निघाले होते. त्यानं ते मध्येच थांबवले आणि बाजूला पसरले.

"अशी?"

"तळवे खाली, बाबा."

मोनू, पुढच्या खेपेला नवे मोजे घेऊन जा. माझ्या चामड्याला एकच वळण आहे, ते आता बदलायचं नाही. मला इथेच राहू दे. इथून अंगण दिसतं.