अर्ध्या लढाईचं पुस्तक

गड्यांनो, जरा थांबा की! मी बोलतोय, ह्या फडताळातनं. कव्हर गेल्यालं, कडा कुरतडल्याल्या, पानांतनं गव्हाचा भुसा गळतोय, असलं मी एक लढाईच्या खेळाच्या नियमांचं पुस्तक हाय. गोष्टीचं न्हाई हां. माज्यात राजा न्हाई, राक्षस न्हाई. जुन्या काळच्या लढाया बोटायवढ्या शिपायांनी कशा खेळायच्या, घोडा किती पळंल, तोफ कुटवर लागंल, फासा कवा टाकायचा, त्ये समदं माज्यात लिवलंय.

छापलो लांब परदेशात, इंग्रजीत. तितनं आलो एका फौजी सायबाच्या बंगल्यावर. तितं हिरव्या कापडाचं टेबल, रंगवल्याले शिशाचे शिपाई, आन् खेळनारी मानसं अशी गप, की फासा पडल्याला आवाज बी मोठा वाटायचा. लय जपलं मला त्येंनी. हात पुसल्याबिगर पान उलटत नव्हते. मंग सायबाची बदली झाली, आन् सामान बांधायला आल्याल्या सुभेदार आकारामांच्या हातात त्येंनी मला दिलं. "घरी पोरं आहेत ना? घेऊन जा." सुभेदारांनी मला ट्रंकेत घातलं आन् थेट पलूसला भावाच्या घरी आनलं.

भावाची पोरं दोन. थोरला जयराज, धाकटी संयोगिता. दिवाळी हुती. दोगांनी अंगनात पत्र्याच्या आडोशाला मातीचा किल्ला केल्याला, वर अळीव उगवल्यालं, बुरजाबुरजावर मातीचे मावळे. तुमी बी करताच की! पन मांडून झाल्यावर काय? नुसतं बगत बसायचं. आकारामआप्पांनी मला उघडून वाचून दावलं, आन् बगता बगता मावळे हलायला लागले.

"घोडेस्वार, बारा इंच," आप्पा म्हनले.

जयराजनं कंपासमधली पट्टी आनली. पन पट्टी डोंगरावर वाकतीया व्हय? हिकडनं टेकवली की तिकडनं उचलती.

"आवं आप्पा, हितं इंच चालत न्हाईत," संयोगिता म्हनली.

"मंग वीत घाला. हात वाकतोय."

झालं! बारा इंचाच्या दोन विता ठरल्या. पन कुनाच्या? जयराजनं पंजा ताणला तसा त्येचा घोडा वढा वलांडून पार तिच्या तोफेवर. तिचा घोडा वढ्यातच.

"तुजी वीत हाय का यष्टीचा टप्पा रं दादा?"

"तू बी हात वाढीव की. भाकरी खात जा."

"आई, ह्येला बग की गं!"

लय भांडली दोगं. शेवटी एकच वीत धरायची ठरली. जयराजनं बॉलपेनानं माज्या पानावर लिवलं, 'वीत जयराजची. दोन्ही फौजांना तीच.' गड्यांनो, बंगल्यावर मला कुनी पेन टेकवला नव्हता. पन दुखलं न्हाई मला. उलट आंगावर शहारा आला, कोनतरी माज्याशी बोलतंय म्हनून.

मंग दर दिवाळीला मी ट्रंकेतनं भाईर. पानावर चिवड्याचं त्याल, चकलीचा चुरा, मातीची बोटं. जयराजचा पंजा वाढत गेला तशी वीत वाढली, वीत वाढली तसा किल्ला वाढत वाढत पार न्हानीपतूर गेला. भांडान झालं की दोगं बी वराडायची, "पुस्तकात बग!" काय सांगू तुमाला, त्ये ऐकलं की मी जरा फुगायचोच.

आन् मंग मागची दिवाळी. गड जयराजचा, येढा संयोगिताचा. तिचे घोडेस्वार दरवाज्याफुडं आल्याले. अजून एक डाव, एकच, की एक तर गड पडनार, न्हाईतर तिची फौज मोडनार. तेवड्यात जयराजचं भरतीचं बोलावनं आलं. घरात पावनी, पेढे, बांधाबांध. निगताना त्यो किल्ल्याजवळ वाकला.

"हलवू नगंस काय. सुट्टीला आलो की बगतो तुज्याकडं."

"ये तर आधी. दरवाजाच ऱ्हायला न्हाई तर गड कसला!"

आन् त्यो गेला. अळीव वाळलं, ऊस तुटून गेला, तरी किल्ला तसाच. त्येंची आई, राणीबाई, रोज कुरकुर करायची, "संयू, ती माती काड गं. गाडी कुटं लावायची मानसानं?" संयू काडायची न्हाई. वर बारदान झाकायची. मी तितंच, किल्ल्यामागच्या कोनाड्यात, त्याच बॉलपेनाच्या पानावर उघडा. मला यवढंच वाटायचं, येऊ दे त्येला. खेळू दे ती शेवटची चाल.

एकदा तिनं मोबाईलवर त्येचं तोंड बघून म्हनलं, "दादा, हात धर बगू फुडं."

"कशाला गं?"

"वीत मोजती."

"येडी! मोबाईलमधी माजा पंजा यवढुसा दिसतोय. तुजा घोडा पान खात बसंल दरवाज्याबाहीर."

लय हसली दोगं. फोन ठिवल्यावर ती हसत न्हवती.

मंग कळलं, ट्रेनिंग संपलं, जयराज सुट्टीला येतोय, आन् सुट्टी संपली की लांब वर, बर्फातल्या पोस्टवर जायाचं. मी तर अंगनात नाचायचाच ऱ्हायलो! पन संयोगितानं काय केलं ठावं हाय? मला कोनाड्यातनं उचललं, सैपाकघरात न्हेलं, गव्हाच्या कोठीत हात खुपसला आन् मला पार खाली, कडुनिंबाच्या पाल्यात दाबलं. जाताना बारीक आवाजात म्हनली, "संपली लढाई तर त्येला कशाला यायची वड ऱ्हाईल?"

गड्यांनो, कोठीत लय आंधार आसतो. पन ऐकू येतं.

त्यो आला. आवाज जाड झाल्याला. जेवला न जेवला तोवर म्हनला, "संयू, चल, बारदान काड. पुस्तक कुटं हाय?"

"मला काय म्हाईत? उंदरानं न्हेलं आसंल."

"उंदीर लढाई खेळतोय व्हय गं?"

"खेळत आसंल. तुज्यापरास बरा खेळत आसंल."

"बरं, ऱ्हाऊ दे. नियम तोंडपाठ हायत मला."

"पुस्तकाबिगर न्हाई. भांडान झालं तर कुटं बगायचं?"

त्येनं फडताळ हुडकलं, ट्रंक हुडकली, माळा हुडकला. कोठीला टेकून बी हुबा ऱ्हायला. मी आतनं जीव तोडून वराडत हुतो, आरं हितं हाय, हितं! पन पुस्तकाचा आवाज वाचल्याबिगर कुटं निगतोय?

त्येच्यासाठी गव्हाची खीर करायची म्हनून राणीबाईंनी कोठी उघडली. त्येंचा हात माज्या कडेला लागला. वर घेतलं मला त्येंनी. बॉलपेनाचं त्ये पान बघितलं. वाटलं, झालं, आता हाक मारतील! पन कुटलं! भाईर पोरगा हसत हुता, तिकडं जरा कान दिला, मला परत आत ठिवलं आन् वरनं गहू लोटला.

सुट्टी सरली. जयराज पाया पडून गेला. "फुडच्या बारीला बगतो तुज्याकडं," म्हनला. यष्टीचा आवाज गेला तशी संयोगिता आली, मला काडलं, पानं झाडली. गहू फरशीवर सांडला.

मागनं आई म्हनली, "फुडच्या सुट्टीला दुसरीकडं लपीव बाई. हातावर पाला टोचतोय."

संयू दचकली, मंग आईच्या खांद्यावर तोंड घालून लय रडली.

आता मी हितं फडताळात हाय. परत नीट जपल्याला, बंगल्यावानी. आन् तेच मला नगं वाटतंय. म्हनून सांगतोय, गड्यांनो. कुनाची वाट बगायची म्हनून खेळ अर्धा ठिवू नका. मला उघडा, तेलाचे हात लावा, फाडलं तर डिंक लावा, पन खेळा! आन् कोन संयोगिताला भेटलं तर तिला माजा निरोप द्या. तिनं गडाच्या लढाईचीच पानं वाचल्यात माजी. फुडं अजून लढाया हायत, नदीवरच्या, घाटातल्या, एक बी मांडल्याली न्हाई. म्हनावं, तेवडी गडाची एक संपीव गं पोरी. दादा यील त्यो दुसरी मांडायला यील.