टायरवरचे चार आकडे

आदिलाबादच्या बाजारात सुरेंद्रशेठचं टायरचं दुकान होतं, आणि त्या दिवशी शेठ गरजेपेक्षा जास्त गोड बोलतोय असं उत्कर्षाला वाटलं. तिच्या वडिलांना, उत्तमरावांना, त्याने स्वतः उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. गाडी आता उत्कर्षा चालवत होती, पण तिच्याकडे त्याने धड पाहिलंही नाही.

गाडी दोन हजार पाच सालची, साधी रस्त्यावरची मोटारसायकल. उत्कर्षा जैनथ मंडलात गोपालमित्र होती. गावोगाव फिरून गाईम्हशींचं कृत्रिम रेतन करायची, लसी टोचायची. अर्धा रस्ता डांबरी आणि पुढे पैनगंगेपर्यंत काळ्या मातीची वाट. साधा टायर त्या चिखलात साबणासारखा घसरायचा. तिला दोन्हीकडे चालतील असे टायर हवे होते. दुकानदार त्यांना ‘ऑन-ऑफ’ म्हणतात.

शेठने जाड गुठळ्यांचा बटन टायर पुढे केला. "हा घ्या उत्तमराव. चिखल असो का डोंगर, कुठंबी चढते."

"अन डांबरावर?" उत्कर्षाने विचारलं. "पावसात ब्रेक दाबला तर?"

"डांबरावर एवढी जोरात कायले पळवता ताई?"

"हा रुंद बी हाय. साखळीले घासन." तिने गाडीशेजारी बसून साखळी आणि टायर यांच्या फटीत बोट घातलं. एकच बोट मावलं, तेही ओढूनताणून.

शेठ उत्तमरावांकडे बघून हसला. "पोरीनं मोबाईलवर पाहून ठेवलेलं दिसते."

पाहिलंच होतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन सालाचे, हेही तिला गेल्याच आठवड्यात कळलं होतं. तिने मूळ मापाचा, मध्यम खाचांचा टायर मागितला. डांबरावर थोडा आवाज करेल, पण मातीही धरेल. शेठने माळ्यावरून जोडी खाली काढली. उत्कर्षाने मोबाईलचा उजेड पाडला. मागचा 2225, म्हणजे यंदाचाच. पुढचा 0919.

"हा सहा वर्षांचा हाय शेठ."

"वापरला कुठं? कोरा हाय."

"पडल्या पडल्या बी रबर कडक होते."

"उत्कर्षा!" उत्तमराव अवघडून म्हणाले. "वीस वर्षं झाले आपण इथूनच घेऊन राह्यलो."

शेठ खालच्या फळीकडे वाकला आणि दुसरा टायर काढून दिला. त्यावर यंदाचाच आकडा होता. तो हाताशीच होता, मग शेठ आधी माळ्यावर कशाला चढला? उत्कर्षाने विचारलं नाही, पण नजर मात्र त्याच्यावरून हलवली नाही.

पाना चालवणाऱ्या माणसाने गाडीचे जुने टायर उतरवले. तेव्हा शेठ, इतका वेळ मराठीत बोलणारा, आवाज खाली घेऊन तेलुगूत म्हणाला, "आ पातवि लोपल पेट्टु." ते जुने आत ठेव.

उत्कर्षाचं सगळं शिक्षण तेलुगू शाळेत झालं होतं. झिजलेले टायर एवढ्या घाईने आत कशाला?

"जुने आमी घरी नेतो," ती म्हणाली.

"काऊन? भंगारवाला येते, त्याले देऊन टाकतो."

"घरी लागतात."

तिने मागचा टायर उचलून उलटा केला. साखळीकडची बाजू वंगणाने आणि वाळलेल्या चिखलाने माखली होती. तिकडे कोणी कधी पाहिलंच नव्हतं. तिने फडक्याने जोरजोरात घासलं. 3114.

"बाबा, हा टायर कधी घेतला होता?"

"एकवीस साली. दिवाळीच्या आधी, इथूनच. काऊन?"

"चौदा सालचा हाय."

उत्तमरावांना क्षणभर काही कळलं नाही. मग त्यांनी चहाचा कप हळूच खाली ठेवला. बावीस सालच्या पावसाळ्यात गावाजवळच्या वळणावर याच गाडीचं मागचं चाक सरकलं होतं आणि त्यांचा गुडघा मोडला होता. आत सळई घालावी लागली. गाव म्हणालं, म्हाताऱ्याचा हात सुटला. घरचेही तेच म्हणाले, आणि हळूहळू उत्तमराव स्वतःही. त्यांनी चावी लेकीला दिली, ती पुन्हा मागितली नाही.

"शेठ," ते म्हणाले, "तुमी दवाखान्यात आले होते. मले म्हणाले, उत्तमराव, आता वय झालं, गाडी पोरीले द्या."

शेठचा चेहरा उतरला. "तवा आमी बी आकडे पाहत नव्हतो. माल येते तसा विकतो. अन पाऊस होता त्या दिवशी. नवा टायर असता तरी घसरला असता."

असताही. आता ते कोण सांगणार? पण उत्कर्षाने तेलुगूतच विचारलं, "मग आत ठेवायला का सांगितलं?"

पाना चालवणाऱ्याचा हात थांबला. शेठने काउंटर पुसायला घेतला, तो पुसतच राहिला.

उत्तमरावांनी आवाज चढवला नाही. नवे टायर बसल्यावर त्यांनी तो जुना टायर गाडीला बांधून घेतला, आणि बाहेर येऊन हात पुढे केला. "चावी दे."

"बाबा, गुडघा..."

"दे म्हणतो ना."

त्यांनी गाडी गर्दीतून अगदी सावकाश काढली. गिअर टाकताना दर वेळी त्यांचा डावा पाय अडखळत होता. उत्कर्षा मागे बसून श्वास रोखून होती. शहर मागे पडल्यावर पहिल्याच झाडाखाली त्यांनी गाडी थांबवली. "घे. दुखून राह्यलं," ते म्हणाले. पण त्यांचे डोळे ओले होते आणि ते हसत होते.

चार दिवसांनी पाऊस झाला. एका अडलेल्या म्हशीसाठी उत्कर्षा नदीकाठच्या वाटेने गेली. चाक दोनदा डगमगलं, पण सरकलं नाही.

इकडे उत्तमराव चष्मा लावून गावात उभ्या असलेल्या मोटारसायकलींपुढे वाकू लागले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं काही हरवलं. ते आकडे वाचायचे आणि विचारायचे, "कुठून घेतला? कधी?"

रविवारी सकाळी चार गाड्या आदिलाबादकडे निघाल्या. चौघांचेही टायर शेठकडचे, जुन्या सालचे निघाले होते. सगळ्यात पुढे गावातलाच खुशाल होता, आणि त्याच्या मागे, गुडघा सांभाळत, उत्तमराव.